मिस्त्रींचं नाक

चौसाळ्याच्या बंद पडलेल्या तेल गिरणीत हसकेल झिराडकर नावाचा माणूस छत्तीस वर्षं राहत होता, आणि त्याचं हे नाव गावात फार तर चार जणांना ठाऊक होतं. बाकीच्यांना ते मिस्त्री. सहकारी संस्थेनं गिरणी उभी केली तेव्हा तेल गाळायचा एक्स्पेलर बसवायला अलिबागकडून जो पोरगेला फिटर आला, तो परत गेलाच नाही. करडई आणि शेंगदाणा येत होता तोवर त्यानं गिरणी चालवली. संस्थेत भांडणं होऊन गिरणीला कुलूप लागलं तेव्हा संस्थेनं त्याला मागची खोली राहायला ठेवली आणि विसरून गेली. बायको सेगुल्ला सहा वर्षांपूर्वी गेली, तिला पुण्याला नेऊन माती दिली. मुलगा बेनी इस्राएलात, अश्दोदच्या बंदरावर वायरमन.

आता मिस्त्री शनिवारी कामाला हात का लावत नाहीत, हे गावानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. त्यात चूक मिस्त्रींचीही होती. नवे आले तेव्हा चेअरमन राधाकिशन अप्पांनी विचारलं, "तुमी कोन म्हनायचे?" तर हे म्हणाले, "आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणतात." ते खरंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचं, म्हणून कोकणानं त्यांच्या लोकांना ते नाव दिलं होतं. पण बीड जिल्ह्यात शनिवार आणि तेल हे दोन शब्द एका दमात उच्चारले की माणसाचे हात आपोआप जोडले जातात. राक्षसभुवनचे शनिमहाराज काही लांब नाहीत. अप्पांनी मान डोलवली आणि सांजेपर्यंत गावभर झालं, की फिटर शनीचा मोठा कडक भक्त आहे, त्या दिवशी चूलसुद्धा पेटवत नाही.

मिस्त्रींनी तेव्हाच खुलासा करायला हवा होता. पण बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी, यहुदी म्हणजे काय, ते मुसलमान का ख्रिस्ती, गणपतीला चालतात का, हे सगळं घाटावर जाईल तिथं सांगून त्यांची जीभ झिजली होती. इथं न विचारता मान मिळत होता. करू नंतर, असं म्हणत म्हणत छत्तीस वर्षं गेली.

आणि गावानंही जीव लावला. दर शनिवारी राक्षसभुवनला जाणं कुणाला जमतं? म्हणून बायका मिस्त्रींच्या उंबऱ्यावर तेलाची वाटी ठेवून जायच्या. चौकटीवर तिरपी ठोकलेली पितळी नळी होती, तिच्यात त्यांच्या धर्माची ओळ लिहिलेलं चामडं होतं. येणारी-जाणारी त्या नळीला हात लावून कपाळाला लावायची. मिस्त्री स्वतःही तेच करत, तेव्हा बोलायला तोंड कुठं होतं? वर्षातून एकदा ते पोह्यांत खोबरं आणि गूळ कालवून मलिदा करायचे, तो गाव प्रसाद म्हणून खायचं. उंबऱ्यावरचं तेल ते सांडू देत नसत. आठवडाभर जपून ठेवत आणि शुक्रवारी दिवस मावळताना काचेच्या पेल्यात पाण्यावर ओतून त्याचा दिवा लावत. शनीसाठी आलेल्या तेलावर मिस्त्रींचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सांजेपासून धरलेला शनिवारचा विसावा, उजळायचा. सेगुल्ला होती तेव्हा हसायची. म्हणायची, "देवाघरी कुणीतरी हे तेल इकडचं तिकडं करत असेल, त्याची फार धावपळ होत असेल."

शनिवारी चूल पेटवायला भिवराबाई यायची. गिरणीत बी निवडायला होती तेव्हापासूनची. गिरणीमागं दोन खोल्या, थोडी कोरडवाहू, दोन बैल, एक गाय. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा थोरला, गहिनीनाथ, ऊसतोडीला गेला असताना भरल्या ट्रकवरून खाली पडला होता. पोरगं वाचावं म्हणून हिनं बोललं, शनीच्या माणसाची चूल अकरा शनिवार पेटवीन. गहिनीनाथ वाचला. अकरा शनिवार झाले आणि पुढं मोजायचं हिनं सोडून दिलं. दर शनिवारी सकाळी यायची, स्टोव्ह पेटवायची, चहा टाकायची आणि उंबऱ्यावर बसून बशीत चहा प्यायची. त्या वेळी दोघं गावाची यथेच्छ निंदा करत. सेगुल्ला गेल्यावर मिस्त्रींच्या आठवड्यात दुसऱ्या माणसाशी सलग अर्धा तास बोलणं होई ते एवढंच.

बेनी दर रविवारी फोन करायचा. "पप्पा, तिथं एकटे काय करताय? या आता इकडे." मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "इथं मला सगळे ओळखतात रे. तिथं कोण ओळखणार?"

दोन हजार तेराचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, बोअर फुसफुसले, आणि संस्थेनं गिरणीच्या आवारात जनावरांची छावणी उघडली. चारशे जनावरं, दीडशे माणसं. तरणीताठी ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी आणि पोरं. पाणी टँकरनं यायचं आणि काळ्या टाक्यांत भरायचं. टाकीची चावी कुणाकडं द्यायची यावरून पहिल्याच बैठकीत आवाज चढले. शेवटी राधाकिशन अप्पा म्हणाले, "मिस्त्रीकडं द्या. शनीचा माणूस हाय. एक बादली इकडची तिकडं करनार न्हाई." वाद मिटला. मिस्त्रींनी चावी घेतली, कमरेच्या करगोट्याला बांधली. शनिवारी ती भिवराबाईकडं असायची. सेगुल्ला गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठायला त्यांना कारण मिळालं होतं.

छावणीत सांजेला करमायचं नाही म्हणून अप्पांनी संस्थेच्या ऑफिसातला टीव्ही ओसरीवर आणून ठेवला. बायकांना मालिका, पोरांना कार्टून. भिवराबाईची नात सत्यभामा, वय वर्षं नऊ, मिस्त्रींच्या मांडीला टेकूनच बसायची. तिचे आईबाप ऊसतोडीच्या कोयत्यावर, आजी गोठ्यात, त्यामुळे तिचा पाढ्यांपासून पायातल्या काट्यापर्यंतचा सगळा कारभार मिस्त्रीआबांकडं होता.

त्या महिन्यात पोरांना एका कार्टूनचं वेड लागलं होतं. कुठल्या तरी परदेशाचं, हिंदीत बोलणारं. एक शहर, त्यात एक शूर पोरगा, आणि एक यहुदी सेठ. सेठचं नाक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं, काळी टोपी, बोकडासारखी दाढी. सारखा हातावर हात चोळायचा आणि खी खी हसायचा. शहरातलं सगळं पाणी त्यानं तळघरात लपवलेलं आणि तो ते वाटीवाटीनं सोन्याच्या बदल्यात विकायचा. मिस्त्रींनी पहिला भाग पाहिला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. टीव्हीवर आपला माणूस दिसतोय म्हटल्यावर पाय निघत नव्हता, असला दिसला तरी. मागं एका हिंदी मालिकेत त्यांनी एक यहुदी डॉक्टर पाहिला होता, तो दर वाक्याला "शालोम, शालोम" करायचा आणि फुकट जेवायला टपलेला असायचा. छत्तीस वर्षांत त्यांनी टीव्हीवर इतकेच दोन पाहिले होते. पुलीवरचा पट्टा ओढून बसवणारा, बायकोच्या आजारपणात कण्या शिजवणारा, दात दुखला म्हणून लवंग धरणारा यहुदी कुणी काढला असता तर काय बिघडलं असतं? असला माणूस चित्रात काढायला सोपा नसावा.

एका सांजेला सेठ पाण्याच्या हौदावर झोपून खी खी हसत होता आणि ओसरीवर सगळे त्याला शिव्या घालत होते. म्हातारी बायनाबाई तर टीव्हीकडं बघून बोटं मोडत होती. सत्यभामानं मान वळवून विचारलं, "आबा, यहुदी म्हंजी काय वं?"

असल्या प्रश्नाला बगल देण्यात मिस्त्रींची हयात गेली होती. पण पोर त्यांच्या मांडीला टेकून वर बघत होती. तिला थाप मारायला जीभ उचलेना.

"मी यहुदी आहे," ते म्हणाले.

बंकटला हसू फुटलं. हा बंकट छावणीचा मुकादम, तोंडानं फाटका पण मनानं बरा. "लई झालं, मिस्त्री! तुमचं नाक बगा की. आमच्या अप्पापेक्षा चपटं हाय."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले असते तर ते तिथंच मिटलं असतं. पण एकदा दार उघडलं म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात बाया आणि सात पुरुष वाचले, त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवार पाळला. सगळं विसरले पण शनिवार नाही विसरले. कुणाला तरी हे सांगावं असं आपल्याला इतकं वाटत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"मंग शनिमहाराज?" बायनाबाईनं विचारलं.

"त्यांचा माझा तसा काही संबंध नाही, बाई."

लोक गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते, माना डोलवत होते. एकटी भिवराबाई खांबाला टेकून उभी होती आणि तिची मान हलत नव्हती.

पुढं काही वाईट झालं असं म्हणता येणार नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी पाणी घ्यायचं टाळलं नाही. पोरं मात्र त्यांना बघून हातावर हात चोळायची आणि खी खी करायची, आणि तेही लाडानं. मिस्त्री टाकी उघडायला गेले की बंकट म्हणायचा, "आला बगा आमचा सेठ!" मिस्त्री हसायचे. दोन दिवस हसले, चार दिवस हसले. पाचव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की चावी फिरवून झाली की बायका हल्ली टाकीवर काठी वाजवून बघतात, पाणी कुठवर आहे म्हणून.

मग एके दिवशी टँकर निम्माच भरून आला. दुपारीच टाक्या खडखडल्या. गाई हंबरायला लागल्या तसं माणसांचं डोकं फिरलं. त्या गलक्यात बंकट मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, तळघरात किती हाय?" आणि पुन्हा सगळे हसले. पण या खेपेला हसणं लवकर थांबलं, आणि थांबल्यावर कुणी कुणाकडं बघेना.

गिरणीला तळघर खरंच होतं. तेल साठवायचा जमिनीतला हौद, मिस्त्रींच्या खोलीलगत. मिस्त्रींनी मुकाट्यानं पहार आणली, झाकण उचकटलं आणि म्हणाले, "या. बघून घ्या." कुणी पुढं येईना. "बंकट, ये ना बे," मिस्त्री म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला 'बे' म्हटलं नव्हतं.

बंकटनं वाकून बघितलं. बाकीच्यांनीही माना घातल्या. कोरडा ठणठणीत हौद, तळाला जुन्या करडईच्या तेलाची वाळलेली साय आणि एक मेलेली पाल. वास मात्र अजून गोड येत होता. बंकटनं जीभ चावली. "मी गमतीनं म्हनलो हुतो, मिस्त्री," तो म्हणाला, आणि खोटं बोलत नव्हता. गंमतच होती ती. पण त्या गमतीपायी वीस माणसांनी हौदात वाकून बघितलं, हेही तितकंच खरं.

सांजेला राधाकिशन अप्पा स्वतः आले. खाटेवर बसले, इकडचं तिकडचं बोलले, लिंबागणेशच्या छावणीत चारा बरा मिळतो म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुमचं वय झालं, मिस्त्री. येवढी दगदग कशापायी? चावी बंकटकडं देऊ. लोकायच्या मनात काय बी न्हाई बरं का."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले आणि करगोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती. अप्पांना बराच वेळ दुसरीकडं बघत बसावं लागलं.

शनिवार उजाडला. उंबऱ्यावर वाटी नव्हती. एकही नव्हती. भिवराबाई नेहमीच्या वेळेला आली खरी, पण आत आली नाही. हातात काडेपेटी घेऊन दारात उभी राहिली.

"भिवराबाई, बसा ना."

"बसायला न्हाई आले. येक इचारायचं हाय." तिनं काडेपेटी या हातातून त्या हातात घेतली. "मी येकुनीस वर्सं तुमची चूल पेटवली. कावून पेटवली ते तुमाला ठावं हुतं का न्हाई?"

"होतं."

"मंग कावून बोलला न्हाई तुमी?"

सुरुवातीला कंटाळा होता आणि मग तुम्ही याल की नाही याची भीती होती, हे खरं उत्तर होतं. पण ते या बाईसमोर उच्चारायची मिस्त्रींना लाज वाटली.

"गहिनीनाथ आत्ता ट्रकवरच आसल," भिवराबाई म्हणाली. "मोळ्या भरत आसल. येवढी वर्सं मला वाटायचं, महाराजाच्या कानावर हाय, त्यो बगतोय पोराला. आता सांगा, कोन बगत हुतं? माज्या येवढ्या शनवारांचं काय झालं, मिस्त्रीभाऊ?"

"केलेलं वाया नाही जात, भिवराबाई."

"हे तुमचा देव म्हनतो का माजा?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मिस्त्रींना सोसलं असतं. ती घाबरली होती. एकोणीस वर्षं पोराला उघड्यावर ठेवून आपण दुसऱ्याच दारी राखण मागत होतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनं काडेपेटी उंबऱ्यावर ठेवली आणि ती निघून गेली.

काडेपेटी दिवसभर तिथंच पडून होती. मिस्त्रींनी तिला हात लावला नाही. गार पाण्यात पोहे भिजवून खाल्ले आणि भिंतीकडं बघत बसून राहिले. हौदात वाकलेली माणसं त्यांना विसरता आली असती. पण या एका बाईला त्यांनी खरोखरच फसवलं होतं, आणि त्याला टीव्हीतल्या सेठची मदत लागली नव्हती. जन्मभर नाकासमोर चाललो म्हणणाऱ्या माणसाला हे फार लागलं.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. सत्यभामाही नाही. शुक्रवारी दिव्यापुरतंही तेल उरलं नव्हतं. मिस्त्री दुकानात जाऊन पिशवीतलं तेल घेऊन आले. हजारो क्विंटल करडई गाळलेल्या माणसानं छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तेल विकत घेतलं. दिवा लागला, पण तेलाला काही वास नव्हता.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सत्यभामा धावत आली. उंबऱ्यावरची काडेपेटी तिनंच उचलली. आजीला बघून तिला सगळं येत होतं. स्टोव्हला पंप मारला, काडी ओढली, आधण ठेवलं.

"आजी कुठंय गं?"

"राक्षसभुवनला गेली, एष्टीनं. आता समद्या शनवारी तिकडंच जानार म्हनली. मला म्हनली, म्हातारं उपाशी आसल, तू जाऊन ये."

मिस्त्रींनी घोट घेतला. चहा कडक झाला होता, साखर जास्त होती. पंधरा दिवसांत कुणी करून दिलेला पहिला चहा. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी वाफेवर घातलं.

"आबा, एक गंमत!" पोरीनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. "बाईंनी चित्र काढाया सांगितलं हुतं, माझ्या आवडीचा माणूस. समद्यांनी आई काढली. मी तुमाला काढलं. माजा पयला नंबर आला!"

मिस्त्रींनी कागद उलगडला. गिरणीचं पत्र्याचं छप्पर होतं, उंबरा होता, चौकटीवरची पितळी नळीसुद्धा तिरपीच काढलेली होती. टाकी होती, तिच्या शेजारी दोन शिंगांची गाय. आणि दारात एक माणूस उभा होता. काळी टोपी, बोकडदाढी, हातावर हात, आणि हनुवटीपर्यंत खाली आलेलं, चोचीसारखं वळलेलं नाक. नाकावर खूप मेहनत घेतलेली दिसत होती. दोनदा गिरवलं होतं.

मिस्त्रींचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडं गेला.

"माझं नाक असं आहे का गं?"

"न्हाई वं," पोर म्हणाली, हे काय विचारणं अशा थाटात. "आदी मी तुमच्यावानीच काढलं हुतं. बसकं. पर कुनीच वळखंना. कुनी म्हनलं बंकटमामा, कुनी म्हनलं सटवा न्हावी. मंग मी खोडून ह्ये नाक काढलं, टोपी घातली. लगीच समदे वरडले, मिस्त्रीआबा!"

ती इतकी खूश होती, की मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चित्र फार छान झालंय म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी त्यांनी खळ करून ते भिंतीवर चिकटवलं, सेगुल्लाच्या फोटोखाली.

संध्याकाळी फोन वाजला. बेनीनं तब्येत विचारली, पाणी आलं का विचारलं, छावणी अजून किती दिवस चालणार ते विचारलं. मग नेहमीसारखंच "या आता इकडे" म्हणाला. वडिलांचं उत्तर पाठ झाल्यामुळे त्यानं ते स्वतःच म्हणून टाकलं.

"माहितेय पप्पा, तिथं तुम्हाला सगळे ओळखतात."

मिस्त्री भिंतीकडं बघत होते. छावणीतून टीव्हीचा आवाज येत होता, पोरं खिदळत होती.

"हो," ते म्हणाले. "आता तर लगेच ओळखतात." मग म्हणाले, "बेनी, तू मागं तिकिटाचं काहीतरी म्हणत होतास. ते जरा परत सांग."